एक दिवस मोकळा

मनालीहून लेहला गाडीने जायचा बेत आखताना आपण आधी अंतर बघतो. सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास! पुणे-नागपूरपेक्षाही कमी, दीड दिवसात सहज होईल, असं वाटतं. पण डोंगरात हिशेब उंचीचा असतो. मनाली साधारण २,००० मीटरवर, तर वाटेतली तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून जाणकार प्रवासी केलाँगला किंवा जिस्पाला मुक्काम करतात, शरीराला विरळ हवेची सवय होऊ देतात. बर्फ वितळून दुपारी ओढे फुगतात, म्हणून सकाळीच ते ओलांडतात. शिवाय दरड कोसळलीच, तर थांबता यावं म्हणून एक दिवस राखून ठेवतात.

आपलं रोजचं वेळापत्रक मात्र काठोकाठ भरलेलं असतं. एक काम लांबलं की पुढची सगळी कोलमडतात आणि चिडचिड घरच्यांवर निघते. अडचण येणार हे धरूनच आखलेला बेत तडीस जातो. तेव्हा मंडळी, प्रवास असो वा संसार, आखणी करताना थोडा वेळ मोकळा ठेवा. तो वाया जात नाही.