चार दिवस अंधारात

खोकं समोर ठेवा. उघडायची घाई नको. आज एवढंच करायचंय: कुरिअरने आलेलं एक रोप सावकाश बाहेर काढायचं, आणि काढताना मनात जे येईल ते येऊ द्यायचं. तुमच्याकडे असं खोकं नसेल तर माझं घ्या. कोकणातून पुण्याला आलेला कवठी चाफा आहे. चार दिवस लागले त्याला. मृग लागून आठवडा झाला, पावसाचा पत्ता नाही. खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलंय, आणि माझ्या दारात ते नेमकं उलटं ठेवलेलं होतं.

आता त्यावर हात ठेवा. पुठ्ठा उन्हाने कोमट झालाय. एका कोपऱ्यात मात्र ओल उतरून मऊ पडलाय. ही ओल चांगली. आत अजून पाणी आहे. चिकटपट्टीवरून कात्री फिरवा, झाकण बोटभर उचला आणि आधी वास घ्या. ओल्या वर्तमानपत्राचा, नारळाच्या भुशाचा, आणि त्याच्याखाली किंचित कुबट असा. कोंडून राहिलेल्या पानांचा हा वास. अंधारात पानाला अन्न तयार करता येत नाही, पण त्याचा श्वास थांबत नाही. साठवलेलं खाऊन ते दिवस काढतं. त्यातून झाडाच्या अंगचा इथिलीन वायू बंद जागेत साचतो. आपण आंब्याची आढी घालतो, पेंढ्यात दडपून ठेवतो, तिथे आंबा पिकतो तो याच वायूने. इथे आंबा नाही, म्हणून पानं पिकतात. तळाशी पिवळी पानं असतील. मोजू नका, बाजूला ठेवा.

सुतळी सोडा. कागद फेकू नका, वाचा. माझ्या कागदावर मागच्या जत्रेतल्या दशावतारी नाटकाची जाहिरात आहे, शाई पाण्याने फुटलेली. ज्या हातांनी हा कागद गुंडाळला त्यांना मी कधी पाहणार नाही. त्यांनी मात्र माझ्यासाठी एक काम नेटकं केलंय: हुंडी फुटू दिलेली नाही. मुळांभोवतीचा मातीचा गोळा, तांबडा, जांभ्याचा, प्लॅस्टिकात आवळून बांधलेला. बोटाने दाबून पाहा. गच्च आहे. झाडाचा जीव यात आहे, पानांत नाही. हे एकदा नीट पाहून घेतलं की पुढच्या आठ दिवसांची निम्मी काळजी संपते.

रोप सावलीत उभं करा, थोडं पाणी द्या. कुंडी आज नाही. त्याला तिथेच राहू द्या आणि माझ्याबरोबर नर्सरीत चला, मनानेच.

सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला जावं तशा दोन्ही बाजूंना नर्सऱ्या लागतात. हिरव्या जाळीखाली शिरा. डोक्यावरचं ऊन एकदम निवतं, पायाखाली चिखल, कुठेतरी पाइप वाहतोय. मोगऱ्याच्या पन्नास काळ्या पिशव्या ओळीने मांडल्यात, त्यांतली एक उचला. खाली वाका, पिशवीच्या भोकांतून मुळी बाहेर आली आहे का पाहा. पांढरं टोक दिसलं तर रोप बसलेलं आहे. मुळांचा जाड वेढा बाहेर पडून जमिनीत घुसला असेल तर ते फार दिवस पडून आहे. पिशवी भरणाऱ्या मावशींना विचारा, "फूल डबल आहे ना?" त्या मान वर न करता सांगतील, "तो डबलच, पलीकडचा मदनबाण." एवढ्या एका उत्तरासाठी माणूस पेट्रोल जाळून येतो आणि त्यात काही चूक नाही. मी एकदा टपालाने लाल चाफा मागवला होता. दोन वर्षांनी फुलला तो पांढरा. तक्रार कुणाकडे करणार? तोवर त्याच्याशी माझं जमलेलं होतं.

मोगरा, जास्वंद, तुळस, कुंदा ही कुरिअरने मागवणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो. कोपऱ्यावर मिळतात, तिथेच घ्यावीत. पण नर्सरी खपेल तेच ठेवणार. अरेका पाम, मनी प्लांट, स्नेक प्लांट यांच्या रांगांमधून कवठी चाफा शोधत मी तीन पावसाळे फिरलो. "येतो कधीकधी" असं उत्तर मिळायचं. ज्याने ती अंड्यासारखी पांढरी कळी संध्याकाळी उमलताना पाहिली आहे आणि अंगणभर पसरणारा पिकल्या फळासारखा वास घेतला आहे, त्याला 'येतो कधीकधी' पुरत नाही.

अजून निघू नका. नर्सरीच्या मागच्या अंगाला चला, जिथे गिऱ्हाईक सहसा जात नाही. ट्रक उभा आहे. यातली बरीच रोपं इथे जन्मली नाहीत, ती आंध्रातल्या कडियमहून आली आहेत, गोदावरीच्या अगदी खालच्या टोकाकडून. जी नदी आपल्या त्र्यंबकला उगवते तिच्या दुसऱ्या टोकाची चिकट माती मुळांना घेऊन. तीही अंधारात, दाटीवाटीने, फांद्या दोरीने आवळून आली. आणि ट्रकपलीकडे तो ढीग पाहा: सुकलेल्या काड्या, रिकाम्या पिशव्या, कुजका पाला. ज्यांना प्रवास सोसला नाही ती ही रोपं.

या ढिगापाशी थोडं थांबा. मला इथे यायला बरीच वर्षं लागली. आपण समजतो की नर्सरीतली रोपं धडधाकट आणि टपालाची लेचीपेची. खरं म्हणजे पार्सल दोन्हीकडे फुटतंच. एक आपण फोडतो, दुसरं आपल्या आधी कुणीतरी फोडलेलं असतं. त्याने मेलेली टाकली, रुसलेल्यांना महिनाभर पाणी घातलं, आणि सावरलेली तेवढी पुढच्या ओळीत मांडली. मोगऱ्याच्या किमतीत या ढिगाचे पैसे आहेत. ते वाजवी आहेत.

आणखी मागे जायचं तर लंडनला, 1829 साली. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरच्या बागेत धुरामुळे नेचे जगत नव्हते. त्याने एका पतंगाचा कोष ओलसर मातीत घालून काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाची वाट पाहत असताना मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं. दिवसा पानांतून सुटलेली वाफ काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. 1833 मध्ये त्याने अशाच काचेच्या पेट्या जहाजावर चढवून सिडनीला धाडल्या. कित्येक महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्यानंतरही झाडं जिवंत पोचली. पुढे चहाची हजारो रोपं चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी आली ती या पेट्यांतून. माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्याला काच नाही, उजेड नाही. ओल कोंडून ठेवायची युक्ती तेवढी तीच. लांबून आलेला तर आपला झेंडूसुद्धा, मेक्सिकोकडचा. दसऱ्याला तोरणात ओवताना कुणाच्या मनात येतं ते?

परत या. रोप अजून सावलीत आहे. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओल लागली तर पाण्याचा तांब्या खाली ठेवा. इथे हात शिवशिवतात: खत द्यावं, उन्हात ठेवावं, काहीतरी करावं. कोकणच्या दमट हवेतून ते पुण्याच्या कोरड्या वाऱ्यात आलंय, पानांच्या कडा करपतील. करपू द्या. परवा आणखी एक पान गळेल. उचलून मातीवरच टाका. शेंड्याकडे पाहत राहा, तिथे कोंब बंद मुठीसारखा आहे. तो हिरवा असेपर्यंत बाकी काही विचारायचं नाही.

दशावताराचा कागद कठड्यावर वाळत घातलाय, मधूनच फडफडतो. गॅलरीतला दिवा मालवा. अंधाराची रोपाला सवय झालीच आहे, पण या अंधारात वारा आहे.