सभेत बसलेले भीष्म

स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक मला विचारतात, "मॅडम, बाबांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही हो, मग त्यांनाच का?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्लाइड पाहून निदान लिहिणं हे माझं काम. तरी हा प्रश्न मी टाळत नाही. त्यावर पूर्वकर्माचं उत्तर देणं मला क्रूरपणाचं वाटतं. तंबाखूने आणि जुनाट दाहाने धोका वाढतो हे मी स्पष्ट सांगते, पण धोका म्हणजे शिक्षा नव्हे. नुकसान झालं म्हणजे कुणीतरी पाप केलंच असणार, हे गृहीतच मला मान्य नाही.

हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. स्वादुपिंडातल्या बारीक नलिकांच्या अस्तरात आधी काही पेशी बिघडतात, बहुतेकदा केरास नावाच्या जनुकात बदल होऊन. २०१० साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे पहिल्या बदलापासून खऱ्या कॅन्सरच्या पहिल्या पेशीपर्यंत दहाएक वर्षं तरी जातात. एवढी वर्षं प्रतिकारशक्ती काय करत असते?

ती तिथेच असते. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उंदरांमध्ये हा प्रवास टप्प्याटप्प्याने तपासला गेला. कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी त्या जागी पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली होती. पण ती मॅक्रोफेजची, नियामक टी-पेशींची, म्हणजे इतरांना आवरून धरणाऱ्यांची. मारक टी-पेशी मोजक्याच, आणि ज्या होत्या त्याही थंड. माणसाच्या स्वादुपिंडातल्या श्लेष्माच्या गाठींतही असंच दिसतं: गाठ सौम्य असताना मारक टी-पेशी आढळतात, ती कॅन्सरकडे झुकू लागली की विरळ होत जातात.

या पेशींना घरभेदी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जखम झाली की मॅक्रोफेज कचरा उचलतात, डागडुजी करतात. नियामक टी-पेशी लढाई वेळेवर थांबवतात. त्या नसत्या तर शरीराने स्वतःलाच पोखरलं असतं. बिघडलेल्या नलिकेतून त्यांना न भरलेल्या जखमेसारखे इशारे मिळत राहतात, आणि त्या वर्षानुवर्षं शांतता राखत बसतात.

मला भीष्म आठवतात. बापाच्या सुखासाठी घेतलेल्या प्रतिज्ञेत खोट नव्हती. सिंहासन राखायचं, हे व्रत त्यांनी जन्मभर पाळलं, आणि द्रौपदीला भर सभेत ओढून आणलं तेव्हाही ते त्याच व्रताला धरून बसून राहिले. फरक एवढाच की भीष्मांना दिसत होतं, कळत होतं. द्रौपदीने त्यांच्या सभेला जाब विचारला तो रास्तच होता. पेशीला कोणता जाब विचारणार?

मग त्यांना हटवूनच टाकलं तर? मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हेही करून पाहिलं गेलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उंदरांमधल्या नियामक टी-पेशी काढल्या, तर कॅन्सर आणखी वेगाने वाढला. गाठीला बांध घालणाऱ्या तंतुपेशी कमी झाल्या, आणि दडपणाऱ्या दुसऱ्याच पेशी रिकाम्या जागेवर धावून आल्या. महाभारतातही भीष्म पडल्यावर युद्ध निवळलं नाही. अभिमन्यूचा वध त्यानंतरचा, रात्रीची कत्तलही त्यानंतरची.

मला जास्त मोलाचा वाटतो तो पेनसिल्व्हेनियातलाच २०११ चा प्रयोग. तिथे सीडी४० या रिसेप्टरला औषधाने चेतवलं, आणि मॅक्रोफेज ट्यूमरवर चालून गेले. केमोच्या जोडीने हेच औषध दिलेल्या काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्याही. ज्या जातीच्या पेशी गाठीची पाठराखण करत होत्या, त्याच जातीच्या पेशी तिच्यावर उलटल्या. जन्मजात दोष असता तर हे कसं घडलं असतं?