जुन्या सर्व्हरवरचा काळ

माइनक्राफ्ट हा खेळ अनेकांनी मिळून खेळायचा, तर त्यातले जग कोणत्या तरी एका यंत्रावर सतत चालू ठेवावे लागते. ते यंत्र म्हणजे सर्व्हर. भाड्याने घेतलेल्या नव्याकोऱ्या यंत्रांवर असे सर्व्हर चालतात, तसेच घरात पडून राहिलेल्या संगणकांवरही चालतात. २००६ साली बाजारात आलेल्या कोअर टू ड्युओ मालिकेतला प्रोसेसर, दोन-चार जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क एवढ्या सामग्रीवर चार मित्रांचे जग उभे राहू शकते. मात्र त्या जगात एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे काळ. या बिघाडाकडे नीट पाहिले तर तत्त्वज्ञानातला एक फार जुना वाद समोर येतो. काळ ही घटनांहून वेगळी, स्वतंत्र वस्तू आहे, की घटनांचा क्रम म्हणजेच काळ?

या खेळातला काळ ‘टिक’ नावाच्या ठोक्यांनी पुढे सरकतो. सेकंदाला २० टिक, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. प्रत्येक टिकमध्ये सर्व्हर त्या जगाची आधीची स्थिती घेतो आणि पुढची काढतो: पाणी वाहते, झोंबी पाऊल टाकतो, भट्टीतले लोखंड थोडे आणखी वितळते. भट्टीत एक वस्तू तयार व्हायला २०० टिक लागतात, पूर्ण दिवस-रात्र २४,००० टिकांची असते. ठोके वेळेवर पडले तर तो दिवस घड्याळाच्या २० मिनिटांत संपतो. या हिशेबाचा मुख्य भाग एकाच धाग्यावर, एकामागून एक चालतो. त्यामुळे प्रोसेसरला अनेक गाभे असले तरी भार फारसा वाटून घेता येत नाही, आणि जुन्या, मंद गाभ्याला एका टिकसाठी ५० ऐवजी १०० मिलिसेकंद लागू लागतात. मग त्या जगातला दिवस ४० मिनिटांचा होतो.

इथे काय मंदावले, काळ की जग? वैशेषिक दर्शनाचे उत्तर स्पष्ट आहे. त्याचे सूत्रकार कणाद यांच्या मते काळ हे नऊ द्रव्यांपैकी एक द्रव्य आहे. ते एकच, नित्य आणि सर्वव्यापी आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, खुणांवरून त्याचे अनुमान करावे लागते. आधी, नंतर, एकाच वेळी, सावकाश आणि झटपट अशा आपल्या ज्या प्रतीती आहेत, त्याच त्या खुणा. या मताप्रमाणे सर्व्हर मंदावला तेव्हा काळाला काहीच झाले नाही. काळाच्या त्याच अखंड पटावर क्रिया विरळ झाल्या, इतकेच. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये मांडलेला निरपेक्ष काळही याच जातीचा आहे: जगात काहीही घडो वा न घडो, तो आपल्या एकसारख्या गतीने वाहत राहतो.

या मताला दोन दिशांनी विरोध झाला आहे. १७१५-१६ मध्ये सॅम्युएल क्लार्क यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात लाइबनिट्सने काळ म्हणजे एकामागून एक येणाऱ्या घटनांचा क्रम, अशी भूमिका घेतली. सगळे विश्व आहे तसेच, पण थोडे आधी निर्माण झाले असते, या म्हणण्याला त्याच्या लेखी अर्थच नव्हता, कारण दोन्ही स्थितींत कोणताही फरक दाखवता येत नाही. योगसूत्रांवरचे व्यासभाष्य त्याच्या कितीतरी शतके आधी याच दिशेने गेले होते. परमाणूने एक जागा सोडून लगतची जागा घ्यायला लागणारा अवधी म्हणजे क्षण. क्षण खरा, पण मुहूर्त, दिवस, रात्र हे क्षणांचे साठे बुद्धीने रचलेले आहेत, कारण दोन क्षण कधीच एकत्र अस्तित्वात नसतात. टिकचे वर्णन करायला याहून नेमकी भाषा सापडणे कठीण आहे. सर्व्हरच्या स्मृतीत एका वेळी एकच टिक असतो. मागचा पुसला गेलेला असतो आणि पुढचा अजून काढलेला नसतो.

क्रमवादाच्या बाजूने पाहिले तर जुन्या यंत्रावरचे जग मंद नाहीच. भट्टीला तिथेही २०० टिकच लागतात, गहू तितक्याच टिकांत पिकतो, सूर्य २४,००० टिकांनीच पुन्हा उगवतो. त्या जगातल्या गावकऱ्याला मन असते, तरी आपला दिवस लांबला हे त्याला कोणत्याही उपायाने कळले नसते. त्याचे मोजण्याचे प्रत्येक साधन त्याच्याबरोबरच मंदावलेले असते.

पण खेळाडूला ते कळते, आणि कसे कळते हे पाहण्यासारखे आहे. माइनक्राफ्टमध्ये खेळाडूच्या चालण्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या घरचा संगणक करतो, तर झोंबीच्या चालण्याचा सर्व्हर. सर्व्हर निम्म्या गतीवर आला की झोंबी रखडत चालतो आणि खेळाडू मात्र नेहमीच्या वेगाने त्याच्या बाजूने निघून जातो. एकाच माळावर दोन गती दिसतात. सगळे जग एकदम मंदावले तर फरक पडत नाही, हा लाइबनिट्सला अनुकूल असलेला युक्तिवाद ‘सगळे’ या अटीवर उभा आहे, आणि इथे ती अट पाळली जात नाही. खेळाडू त्या जगात अर्धाच राहतो. सावकाश आणि झटपट या कणादांच्या खुणा अशा सीमेवर उभ्या असलेल्यालाच दिसतात. मात्र त्यावरून निरपेक्ष काळ सिद्ध होत नाही. दोन क्रम शेजारी ठेवून ताडून पाहता येतात, एवढेच त्यातून सिद्ध होते.

यापेक्षाही अवघड प्रसंग सर्व्हरच्या नोंदवहीत सापडतो. यंत्र थोडे मागे पडले, तर ते विश्रांती न घेता टिकांमागून टिक काढून वेळ भरून काढते. पण दोन सेकंदांहून अधिक मागे पडले की ते भरपाईचा नाद सोडते आणि आपल्याला झेपत नसल्याची ओळ लॉगमध्ये लिहिते. काही आवृत्त्यांमध्ये किती टिक वगळले तेही तिथे नोंदलेले असते. दोन सेकंदांचे ४० टिक होतात. हे वगळलेले ४० टिक म्हणजे काय? त्या जगाच्या दृष्टीने ते कधी नव्हतेच. त्यात पाणी वाहिले नाही, कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही. आधीच्या टिकला लागूनच पुढचा टिक आला. पोकळी दिसते ती फक्त घड्याळाशी तुलना करणाऱ्याला. हा खेळ जावा भाषेत लिहिलेला असल्यामुळे आणखी एक विराम येतो. वापरून झालेली स्मृती मोकळी करण्यासाठी यंत्रणा अधूनमधून सगळे काम थांबवते, आणि अपुऱ्या रॅमवर हे वारंवार घडते. अभियंते या विरामाला जग थांबवणेच म्हणतात.

काहीही न बदलता काळ जाऊ शकतो का, हा प्रश्न अमेरिकी तत्त्वज्ञ सिडनी शूमेकर यांनी १९६९ च्या एका निबंधात हाताळला. त्यांनी तीन प्रदेशांचे विश्व कल्पिले: एक प्रदेश दर तीन वर्षांनी वर्षभर गोठतो, दुसरा दर चार आणि तिसरा दर पाच वर्षांनी. एक गोठला की बाकीचे दोन साक्षी असतात. दर साठाव्या वर्षी तिन्ही एकदम गोठतात. तेव्हा साक्षी कोणी नसतो, तरी आधीच्या नियमितपणावरून रहिवासी त्या रित्या वर्षाचे अनुमान करू शकतात. सांख्यांना हे पटणार नाही. त्यांच्या मते प्रलयातही प्रकृती थांबत नाही; गुण आपल्यासारख्याच गुणांत परिणत होत राहतात, फक्त विविधता प्रकट होत नाही. थांबलेल्या सर्व्हरवर सांख्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते: जग निश्चल असते तेव्हाही प्रोसेसर स्मृती आवरत असतोच. म्हणजे हा विराम शूमेकर यांच्या रित्या वर्षाचा पुरावा होत नाही. जगाच्या एका थरात बदल थांबतो, त्याला आधार देणाऱ्या थरात तो चालू असतो.

अशीच फट सर्व्हर आणि खेळाडूचा संगणक यांच्यातही असते, आणि ती खेळाडूच्या पडद्यावर उघडी पडते. सर्व्हर अडकलेला असताना खेळाडू कुदळीने दगड फोडतो. त्याच्या संगणकावर दगड तत्काळ नाहीसा होतो, मागची पोकळी दिसते, तो त्यात पाऊलही टाकतो. सर्व्हर भानावर येतो, त्याच्या क्रमात ही फोड मान्य होत नाही, आणि दगड पुन्हा जागच्या जागी उभा राहतो. अद्वैत वेदान्तात प्रातिभासिक आणि व्यावहारिक अशा सत्तेच्या पातळ्या मानल्या आहेत. प्रतिभास एकट्याचा असतो आणि नंतरच्या ज्ञानाने बाधित होतो. व्यवहार सर्वांना समान असतो. ती पोकळी एका खेळाडूपुरती होती, दगड सर्वांचा आहे. सर्व्हर कितीही मंद असला तरी काय घडले आणि कशानंतर घडले, याचा अंतिम निवाडा त्याचाच असतो.

यंत्र दुबळे असले की चालवणारा बहुधा दृष्टीची मर्यादा कमी करतो. जगाचे तुकडे, म्हणजे चंक, खेळाडूभोवती ठराविक अंतरापर्यंतच चालू ठेवले जातात. नेहमीची मर्यादा दहा चंकांची असते. जुन्या यंत्रावर ती पाच-सहावर आणतात. मर्यादेबाहेरच्या शेतात गहू वाढत नाही. दृष्टी हीच सृष्टी मानणारा वेदान्तातला दृष्टिसृष्टिवाद आणि १७१० साली बर्कलीने मांडलेले मत, की असणे म्हणजे जाणिवेचा विषय असणे, ही दोन्ही इथे आठवतात. पण दोन्ही पुरती बसत नाहीत. न पाहिलेले शेत नष्ट होत नाही. ते डिस्कवर जसेच्या तसे राहते, पेटीतल्या वस्तूंसकट. थांबते ते त्याचे घडणे. अलीकडच्या आवृत्त्यांत तर शेवटचा खेळाडू गेल्यावर मिनिटभराने सगळ्या जगाचे टिक थांबवण्याची सोय आहे. असणे टिकवायला डिस्क पुरते, घडण्यासाठी मात्र यंत्राचे श्रम खर्च व्हावे लागतात. जुन्या यंत्रावर हा खर्च लपून राहत नाही.

म्हणून तुटपुंज्या सामग्रीत कशाचा त्याग करायचा, हा निर्णय तांत्रिक दिसला तरी काळाच्या स्वरूपाविषयीचा आहे. विस्तार कमी करता येतो, वेग कमी करता येतो. क्रमाला हात लावता येत नाही. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयुद्धाच्या खेळात हे तत्त्व उघडपणे स्वीकारले आहे. तिथली यंत्रे जुनी नसतात, पण हजारो खेळाडू एका ठिकाणी जमले की तीही अपुरी पडतात. अशा वेळी त्या भागातला काळ मुद्दाम, सर्वांसाठी सारखा, नेहमीच्या दहा टक्क्यांपर्यंत मंद केला जातो. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या तारकाप्रणालीत झालेली प्रचंड लढाई अशा मंदावलेल्या काळात जवळपास दिवसभर चालली. प्रत्येक गोळा ठरल्या क्रमाने सुटला आणि ठरल्या क्रमाने लागला. घरातल्या जुन्या संगणकावर चार जणांसाठी माइनक्राफ्ट चालवणाऱ्याला अशी आखीव मंदगती मिळत नाही. त्याच्या हाती चंकांची मर्यादा, खेळाडूंची संख्या आणि प्राण्यांची संख्या एवढेच असते. ती कमी केली की टिक पुन्हा ५० मिलिसेकंदांत बसू लागतो आणि झोंबी व खेळाडू पुन्हा एकाच काळात चालू लागतात.