पट्टशिष्य

सहामाहीच्या आधीच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाजवळून मी इंग्रजी चित्रकथेचे पुस्तक जप्त केले. भूगोलाच्या पुस्तकात दडवून तो ते वाचीत होता. जप्त केलेली वस्तू मास्तरांनी वाचू नये असा काही नियम नाही. मी ते त्याच रात्री वाचून काढले आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच बाजूला घेऊन विचारले, "याच्या आधीचे आहे का रे तुझ्याजवळ?" तेव्हा त्याचा जो चेहरा झाला तो पाहण्यासारखा होता. पुढे बरेच दिवस तो मला पुस्तके पुरवीत राहिला.

ही कथा 'एक्स-मेन' नावाच्या अतिमानवांची. अमेरिकेत स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांनी १९६३ साली ती सुरू केली. चार्ल्स झेवियर हे त्यातले प्राध्यापक. पायांनी अधू, चाकांच्या खुर्चीत बसलेले, पण दुसऱ्याच्या मनात शिरण्याची विद्या त्यांना अवगत. जन्मतःच काही विलक्षण शक्ती घेऊन आलेल्या मुलांसाठी त्यांनी आपल्या वाड्यात शाळा काढली. पहिल्या तुकडीत पाच विद्यार्थी आणि त्यांचा नायक स्कॉट समर्स, ऊर्फ सायक्लॉप्स. अनाथाश्रमात वाढलेला पोर. त्याच्या डोळ्यांतून असा काही किरण निघतो की समोरची भिंत कोसळावी, म्हणून तांबड्या काचांचा चष्मा अष्टौप्रहर लावायचा. जो स्वतःच्या नजरेलाच भितो, अशा मुलाला कुणी घर दिले, काम दिले, वर 'तू पुढारी हो' म्हटले, तर त्या माणसासाठी तो काय करणार नाही?

झेवियर दुष्ट नव्हेत, आणि सारी अडचण तिथेच आहे. सामान्य माणसांनी आणि या वेगळ्या निपजलेल्या जिवांनी सलोख्याने राहावे, हे त्यांचे स्वप्न. त्यासाठी मिसरूडही न फुटलेल्या पोरांना त्यांनी लढाईत धाडले. १९६८ साली ते मरण पावले; शिष्यांनी शोक केला. १९७० साली कळले की मेला तो त्यांचे सोंग घेतलेला दुसराच माणूस, प्राध्यापक महाशय एका मोठ्या संकटाची तयारी करीत दडून बसले होते! शिष्यांपैकी एका मुलीला हे ठाऊक होते. पट्टशिष्याला नव्हते. तरीही तो पुन्हा त्यांच्याच शेजारी उभा राहिला.

याहून भयंकर गोष्ट २००५-०६ च्या 'डेडली जेनेसिस' या कथेत उघडकीस येते. एका जिवंत बेटाने स्कॉटच्या तुकडीला गिळले, तेव्हा झेवियरांनी घाईघाईने चार कच्ची मुले सोडवायला पाठवली. ती सारी मेली असे त्यांनी मानले, आणि त्या प्रसंगाची आठवणच स्कॉटच्या मनातून पुसून टाकली. त्या चौघांत एक स्कॉटचा सख्खा धाकटा भाऊ होता. भावासाठी रडण्याचा हक्कही गुरूने शिष्याजवळ ठेवला नाही. हे कळल्यावर स्कॉटने झेवियरांना घराबाहेर काढले.

कथा येथे संपती, तर मी हे लिहायला बसलो नसतो. गुरूला बाहेर काढल्यावर शिष्य काय करतो? सोबत्यांपासून लपवून तो एक मारेकऱ्यांची तुकडी उभारतो. तीत प्रयोगशाळेत खुनासाठीच घडवलेली एक कोवळी मुलगी असते. २०११ च्या 'स्किझम'मध्ये ओलीस धरलेल्यांना वाचवण्यासाठी काय करायचे, हे तो चौदा वर्षांच्या एका पोरीवर सोपवतो. ती माणसे मारते. जुना सोबती वुल्व्हरिन अर्धी मंडळी घेऊन निघून जातो. आणि २०१२ साली, एका अफाट शक्तीने झपाटलेला स्कॉट झेवियरांचा जीव घेतो.

माझा पुरवठादार म्हणाला, "सर, तो गद्दार झाला." मला तसे वाटत नाही. त्याने गुरूची आज्ञा मोडली. गुरूची रीत मोडली नाही. लपवायचे, सगळ्यांच्या भल्यासाठी. पोरांना पुढे घालायचे, मोठ्या कार्यासाठी. हे तो त्याच वाड्यात शिकला होता. इतका एकनिष्ठ शिष्य झेवियरांना दुसरा मिळाला नाही.

आपण मुलांना कर्णाच्या मांडीची गोष्ट सांगतो. गुरूची झोप मोडू नये म्हणून तो मांडी पोखरू देतो, आणि जागे झालेले परशुराम शाप देतात. कर्ण खोटे बोलला होता, हे खरे. पण शिष्याचे रक्त वाहताना पाहून गुरूच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघावा, हे मला वर्गात कुणी विचारले नाही. मीही आजवर कुणाला विचारले नव्हते.

मी आमच्या गणिताच्या गुरुजींचा मॉनिटर होतो. गुरुजी निरगुडीच्या छडीने मारीत. त्याच गुरुजींनी मला संध्याकाळी घरी बसवून फुकट शिकवले, माझी परीक्षेची फी भरली. त्यांच्यावाचून मी आज खडू हातात धरला नसता. ते वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे मी फळ्यावर लिहावयाची. एके दिवशी कुणीच बोलले नाही. रिकामा फळा गुरुजींना आवडत नसे, हे मला ठाऊक होते. मी एक नाव लिहिले. ज्याच्या घरून कुणी विचारायला येणार नाही, अशा मुलाचे लिहिले. छडीही मीच आणून दिली. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. गुरुजी त्या दिवशी माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले होते, तो हात मला अजून आठवतो. आणि लाज अशी की तो आठवला की बरेही वाटते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारण्याला बंदी केली. छडी मी त्याआधीच सोडली होती आणि याचा मला अभिमान होता. मॉनिटर मात्र राहिला, फळाही राहिला.

पुस्तके परत करून मी वर्गावर गेलो, तेव्हा फळ्यावर चार नावे होती. मॉनिटर शेजारी ताठ उभा. हुशार, गरीब घरचा मुलगा. याचीही फी मीच भरली आहे. मी विचारले, "ही नावे खरी आहेत ना रे?"

तो लगेच बोलला नाही. कोणते उत्तर मला आवडेल, ते तो माझ्या चेहऱ्यावर शोधीत होता.