वडिलांची इच्छा

पहाटे मैदानावर मुलं फुटबॉल खेळत असतात. काठावरून हाक येते, "चल, अभ्यास राहिलाय." खेळ किंवा अभ्यास, एकच काहीतरी, असं आपण धरूनच चालतो.

नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचे तालिमेरेन आओ तसं धरून चालले नाहीत. त्यांचे वडील धर्मोपदेशक. मुलानं डॉक्टर व्हावं, आपल्या माणसांची सेवा करावी, ही वडिलांची इच्छा. मुलाचं शिक्षण चालू असतानाच वडील गेले. वडिलांची इच्छा मात्र मागे राहिली.

कलकत्त्यात ते वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि मोहन बागानकडून खेळतही होते. 1948च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. उद्घाटन सोहळ्यात तिरंगाही त्यांच्याच हाती होता. संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून अगदी थोडक्यात हरले, पण लोकांची मनं जिंकून आले.

मित्रहो, टाळ्या वाजत असताना घरच्या माणसांची आठवण ठेवणं फार कठीण असतं. तालिमेरेन यांना वडिलांची इच्छा आठवत होती. ते डॉक्टर झाले आणि आपल्या डोंगरांत परतले. कोहिम्यात रुग्णसेवा केली. पुढे नागालँडचे आरोग्य संचालक म्हणून निवृत्त झाले.

त्यांचं कर्णधारपद मोठंच. पण मला ती कोहिम्यातली वर्षं अधिक मोठी वाटतात. तिथं प्रेक्षक नव्हते. आणि ज्यांची ही इच्छा, ते वडीलही ती पुरी झालेली पाहायला नव्हते.