चुकीचा शोध

संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गांठ पडते ती स्वतःच्या चुकीशीं. इतर विषयांत उत्तर अर्धवट असलें तरी परीक्षक लिहिणाराचा हेतु ओळखून कांहीं गुण देतो. यंत्र हेतु जाणत नाहीं. जें लिहिलें तेंच तें करतें. म्हणावयाचें काय होतें आणि म्हटलें काय, यांतील अंतर येथें लपवितां येत नाहीं.

थोरांचीही यांतून सुटका नाहीं. केंब्रिज विद्यापीठांत १९४९ सालीं एड्सॅक हा संगणक चालू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स यांच्या १२६ ओळींच्या एका आज्ञावलींत सुमारें २० चुका होत्या. उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्या चुका शोधण्यांतच जाणार, हें आपणांस त्या वर्षीं उमगलें, असें त्यांनीं १९८५ सालच्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून मात्र वर्गांतील बहुतेक अभ्यास यंत्राकडूनच क्षणांत लिहून घेतां येतो. श्रम वांचविणें हेंच यंत्राचें प्रयोजन असतां विद्यार्थ्यानेंच ते कां करावे, असें कोणी विचारील. आक्षेप क्षुल्लक नाहीं. धंद्यांत तयार वस्तूला मोल असतें. परंतु वर्गांत लिहिलेली, संख्या क्रमानें लावण्याची आज्ञावली पूर्वीच सहस्रावधि वेळां लिहिली गेली आहे. शिक्षक गुण देऊन ती बाजूस सारतो. उरतें तें विद्यार्थ्याच्या बुद्धीला लागलेलें वळण. तेंच न लागलें तर हातीं आलें काय?

शिवाय हें नुकसान त्याच्या एकट्याचें नाहीं. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रानें सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली व कांहीं दगावले; आज्ञावलींतील दोष हें त्याचें एक कारण होतें. यंत्रानें लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं, हें ठरविण्याची जबाबदारी शेवटीं माणसावरच येते. आणि ज्यानें स्वतःची चूक कधीं हुडकली नाहीं, त्यास दुसऱ्याची कशी दिसावी?

साह्य घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. चूक कोठें असेल, असें विचारून विचारास चालना देणारें साह्य गुरूचें होय. आयतें उत्तर हातावर ठेवणारें साह्य उपकाराच्या रूपानें अपकारच करतें. नवें यंत्र दोन्ही देऊं शकतें. त्यांतील कोणतें मागावें, हें ठरवितांना विद्यार्थ्यावर नजर ठेवणारा कोणी नसतो. म्हणूनच ही निवड आम्ही नीतीची बाब समजतों.