आतल्या आवाजाचा अधिकार

निर्णय चुकला की खुलासा मागतात. बरोबर ठरला की कोणी काही विचारत नाही. म्हणून अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘मला आतून वाटलं’ हे उत्तर फार सोयीचे असते. त्यात हिशेब द्यावा लागत नाही. बैठकीत कोणी कागद पुढे केला तर तो बाजूला सारता येतो आणि सारणाऱ्याला वर ‘धडाडीचा माणूस’ अशी पावतीही मिळते. पतसंस्थेच्या अध्यक्षापासून मंत्र्यापर्यंत ही धडाडी आपण रोज पाहतो.

आतून वाटण्याला माझा आक्षेप नाही. मोठे निर्णय पुष्कळदा तसेच होतात, कारण सगळी माहिती हाती येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. प्रश्न एवढाच आहे, की जे आतून आले ते आले कुठून?

आतून येणारे सगळे एकाच कुळातले नसते. एक असते ऊर्मी. ती उपजत आहे. धोका दिसला की पळायचे नाही तर अंगावर जायचे, अपमान झाला की तो तिथल्या तिथे फेडायचा, आपल्या माणसाला पाठीशी घालायचे. हे कोणी शिकवावे लागत नाही. दुसरी अंतःप्रेरणा. तीही क्षणात येते, तिचेही कारण चटकन सांगता येत नाही. पण तिच्यामागे अनेक वर्षांचे पाहणे, चुकणे आणि सुधारणे असते. गोम अशी, की मनात येताना दोघींचा चेहरा सारखाच असतो. दोघी घाईच्या आणि दोघी ठाम.

२००९ या एकाच वर्षात विमानांचे दोन अपघात झाले. हा फरक त्यांत जितका लख्ख दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

३१ मेच्या रात्री एअर फ्रान्सचे विमान रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघाले होते. अटलांटिकवर, वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत आणि स्वयंचलित यंत्रणेने अंग काढून घेतले. कप्तान नुकताच विश्रांतीला गेला होता. उजवीकडे बसलेल्या सहवैमानिकाने दांडी मागे ओढली, म्हणजे विमानाचे नाक वर केले. आपण खाली चाललो आहोत असे वाटले की वर ओढायचे, ही माणसाची ऊर्मीच आहे. पण नाक प्रमाणाबाहेर वर गेले की पंखांना हवेचा आधार मिळेनासा होतो आणि विमान कोसळू लागते. अशा वेळी उलट नाक खाली करावे लागते. धोक्याची सूचना पुन्हा पुन्हा वाजत होती. कप्तान परत आला, तरी दांडी इतका वेळ मागेच ओढलेली आहे हे शेवटच्या मिनिटापर्यंत इतर दोघांच्या ध्यानात आले नाही. सुमारे ३८ हजार फुटांवरून समुद्र गाठायला विमानाला चार मिनिटेही लागली नाहीत. २२८ जण गेले.

त्या सहवैमानिकाला बोल लावून भागणार नाही. इतक्या उंचीवर, वेगाचे आकडे बिघडलेले असताना विमान हाताने सांभाळण्याचा सराव वैमानिकांना दिलेला नव्हता, असे चौकशीत नोंदवले गेले. जिथे अनुभवाची जागा रिकामी असते तिथे ऊर्मी येऊन बसते.

त्याच वर्षी १५ जानेवारीला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या विमानाला रानहंसांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. नियंत्रण कक्ष परत येण्यासाठी धावपट्टी मोकळी करून देत होता. संकटात ओळखीच्या जागी परतावेसे वाटणे साहजिकच. कप्तान चेस्ली सलनबर्गर यांनी ते नाकारले आणि विमान हडसन नदीत उतरवले. १५५च्या १५५ माणसे वाचली. पुढे तपास करणाऱ्यांनी सरावयंत्रावर हा प्रसंग पुन्हा उभा केला. थवा धडकताक्षणी वळलेले विमान धावपट्टी गाठू शकत होते; पण परिस्थिती समजून घ्यायला माणसाला लागणारी ३५ सेकंदे हिशेबात धरली, तेव्हा ते पोहोचले नाही.

सलनबर्गर यांच्या गाठीला सुमारे २० हजार तासांचे उड्डाण होते. बिनइंजिनाची विमानेही त्यांनी चालवली होती. विमानातले छोटे वीजयंत्र त्यांनी लगेच सुरू केले. सूचनांच्या यादीत ती पायरी पुष्कळ पुढे होती. यादीच्या आधी हात तिकडे गेला, कारण यादी कशासाठी आहे हे त्या हाताला ठाऊक होते. मला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. नदीच्या पाण्याला टेकायला काही क्षण उरले असताना त्यांनी शेजारच्या सहवैमानिकाला विचारले, की तुम्हाला काही सुचते आहे का? ज्याची जाण पक्की असते, त्याला विचारण्यात कमीपणा वाटत नाही. ऊर्मीच्या भरात असलेला माणूस मात्र कोणाला विचारत नाही.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची या विषयावर टोकाची मते होती. कानेमन यांनी माणसाचे झटपट अंदाज कसे फसतात हे दाखवण्यात आयुष्य घातले. क्लाइन यांनी आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचे असेच झटपट अंदाज कसे अचूक ठरतात ते टिपले. बरीच वर्षे वाद घालून दोघांनी २००९ मध्ये एक निबंध मिळून लिहिला. निष्कर्ष साधा होता. अंतःप्रेरणेवर विसंबायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ज्या क्षेत्रात आपण निर्णय घेतो त्याला काही नियमितपणा हवा. आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे वेळच्या वेळी, पुरेशा वेळा कळत गेलेले हवे. आपल्याला किती खात्री वाटते, हा मात्र काहीच पुरावा नव्हे.

या दुसऱ्या अटीपाशी आपले बहुतेक पुढारी अडतात. वैमानिकाची चूक त्याला बहुधा तत्काळ कळते. संस्थेच्या प्रमुखाने चुकीच्या माणसाला जबाबदारी दिली, तर त्याचे परिणाम पाच वर्षांनी दिसतात आणि तोवर खापर फोडायला दुसरे डोके सापडलेले असते. भोवती ‘साहेब, बरोबर आहे’ म्हणणारेच असले तर वीस वर्षांच्या कारकिर्दीतही जाण वाढत नाही. वाढते ती फक्त खात्री. ‘मी माणूस बघताक्षणी ओळखतो’ असे सांगणाऱ्या साहेबाने ज्यांना दारातूनच परत पाठवले, त्यांचे पुढे काय झाले हे तो कधी पाहायला गेलेला असतो का?

इथवर हा कौशल्याचा प्रश्न झाला. नेतृत्वात त्याहून अवघड प्रश्न नीतीचा असतो, कारण निर्णय एकाचा आणि किंमत मोजणारे दुसरेच. इथे मला महाड आठवते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. काही वेळातच, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. प्रतिनिधींची जेवणे चालली होती. पुष्कळ जण जखमी झाले.

बाबासाहेब डाक बंगल्यावर होते. तिथे जमलेल्या कार्यकर्त्यांत लष्करातून निवृत्त झालेले शिपाई होते. मार खाऊन परत जाणे त्यांच्या रक्तात नव्हते. ते फक्त एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द आला असता तर त्या दिवशी महाडमध्ये काय झाले असते, याची कल्पना करता येते. बाबासाहेबांनी तो दिला नाही. आपल्या माणसांना त्यांनी आवरले आणि हल्लेखोरांचा प्रश्न कायद्याकडे नेला. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली.

हा संयम म्हणजे मवाळपणा होता, असे कोणी समजू नये. सुभेदाराच्या या मुलाला शिपायाचा हातही माहीत होता आणि गावगाडाही. मारामारीला मारामारीने उत्तर दिले असते, तर त्याची किंमत महाडात नव्हे, प्रतिनिधी ज्या ज्या गावांतून आले होते तिथल्या गावकुसाबाहेरच्या चार-सहा घरांना मोजावी लागली असती. संतापाला समोरचा माणूस दिसतो. त्या संध्याकाळी बाबासाहेबांच्या निर्णयात मांडवात नसलेली माणसेही धरलेली होती.

बाबासाहेबांची अधिक कठीण परीक्षा डिसेंबरात, तळ्यावर पुन्हा जाण्यासाठी भरलेल्या सत्याग्रह परिषदेत झाली. विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून सत्याग्रहाविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो माणसे तळ्यावर जायच्या तयारीने आली होती आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले होते. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन सबुरीचे आवाहन केले, तरी मांडवातला सूर ‘जायचेच’ असा होता. त्या उसळीवर स्वार होणे कोणत्याही पुढाऱ्याला सोपे गेले असते, टाळ्याही मिळाल्या असत्या. बाबासाहेबांनी विचारविनिमय केला, रात्र जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. एकाच वेळी सनातन्यांशी आणि सरकारशी लढाई ओढवून घ्यायची नाही. तळ्याचा हक्क न्यायालयातही सिद्ध करायचा. लोकांनी निराशा गिळून तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढली. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले.

नऊ वर्षांहून अधिक! तहकुबीचा निर्णय ज्यांना त्या दिवशी पटला नव्हता, त्यांना या काळात किती वेळा वाटले असेल की तेव्हाच जायला हवे होते. ते वाटणे अगदीच गैर होते असे मी म्हणणार नाही. तहानेला न्यायालयाच्या तारखा कळत नाहीत. अंतःप्रेरणेने घेतलेला निर्णयही वादातीत नसतो. पण त्याची कारणे विचारता येतात आणि देता येतात. बाबासाहेबांनी ती भर सभेत, नाराज माणसांसमोर दिली. ‘मला वाटते म्हणून’ एवढ्यावर त्यांनी भागवले नाही.

ऊर्मी नेहमी वाईट असते असेही नाही. पेटत्या घराकडे धावणारा माणूस विचार करत बसत नाही आणि त्याने बसूही नये. तो पणाला लावतो तो स्वतःचा जीव. दुसऱ्यांचा जीव, नोकरी किंवा ठेव पणाला लागते तेव्हा मात्र आतल्या आवाजाला उलटतपासणी चुकता कामा नये. या प्रकारच्या किती गोष्टी मी आजवर पाहिल्या आणि त्यांचा शेवट मला कळला का? हा निर्णय फसला तर झळ कोणाला, आणि ते या खोलीत आहेत का? थोडे थांबायला सांगितले तर माझा आवाज चढतो का? राग आणि भीती यांना थांबणे सोसत नाही. खरी जाण रात्रभर थांबली तरी सकाळी तशीच असते.

आणखी एक सवय लावून घेता येईल, अगदी शाळेच्या मुख्याध्यापकाला किंवा बचत गटाच्या अध्यक्षबाईंनाही. महत्त्वाचा निर्णय घेताना आपल्याला काय वाटले आणि पुढे काय होईल असे वाटते, हे तारीख घालून वहीत लिहावे. वर्षाने ते पान सहकाऱ्यांसमोर उघडावे. ज्याला ते उघडण्याची भीती वाटते, त्याने पुढच्या बैठकीत ‘मला आतून वाटलं’ म्हणू नये. समोरचा कागद आधी वाचावा.